तुमचा लाल, माझा लाल

रंग सर्वांना सारखेच दिसतात का, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा दोनच रीतींनी निकालात काढला जातो. एक पक्ष म्हणतो, ज्याचे त्याचे जग वेगळे. तुमचा लाल माझ्या मनात कसा उमटतो हे कोणालाच कळणे शक्य नाही, तेव्हा वाद घालण्यात अर्थ नाही. दुसरा पक्ष म्हणतो, डोळे सर्वांचे सारखे, टोमॅटो लाल तो लालच, उगाच गूढ कशाला वाढवता? गेल्या महिन्यात आमच्या वाचनालयात एका व्याख्यानानंतर हाच वाद तासभर चालला आणि ‘ज्याची त्याची दृष्टी’ एवढ्यावर थांबला. मला हे दोन्ही पक्ष चुकीचे वाटतात. माणसांना रंग तंतोतंत सारखे दिसत नाहीत. ते कुठे आणि किती वेगळे दिसतात हे बऱ्याच अंशी मोजता येते. गेली सव्वादोनशे वर्षे ते अभ्यासले जात आहे. जे तपासता येते त्याला गूढ म्हणून हात जोडणे, किंवा तो फरकच नाही असे म्हणणे, यातून तपासणी तेवढी टळते. आणि ती टळल्याचा त्रास वर्गात बसलेल्या मुलांना होतो, हे मी जवळून पाहिले आहे.

मी सत्तावीस वर्षे माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवली. सहावीतल्या एका मुलाचा हात फार चांगला होता. आंब्याच्या झाडाचा डेरा, फांद्यांची वळणे तो न खोडता काढत असे. एकदा त्याने खोड हिरवे आणि पाने तपकिरी रंगवली. मी वर्गासमोर विचारले, “झाड कधी पाहिले आहेस का?” वर्ग हसला, तो काही बोलला नाही. नंतर काही आठवड्यांनी माझ्या लक्षात आले की, पेटीतला प्रत्येक ऑइल पेस्टल उचलल्यावर तो आधी फिरवून त्यावरचे नाव वाचतो आणि मगच कागदाला लावतो. शाळेच्या सामायिक डब्यातल्या, कागद निघालेल्या तुकड्यांना तो शक्यतो हातच लावत नसे. लावावाच लागला तर शेजाऱ्याला हळूच विचारून घेई. झाडाचे चित्र काढले त्या दिवशी त्याच्याकडे त्या डब्यातले तुकडेच होते. मी त्याला मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन विचारले, तेव्हा तो गोंधळून म्हणाला, “बाई, सगळेच नाव वाचून घेतात ना?”

त्या मुलाच्या या एका वाक्यात पहिल्या पक्षाचे सगळ्यात बळकट म्हणणे सामावलेले आहे आणि त्याचे उत्तरही. आधी म्हणणे पाहू. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक याने सतराव्या शतकाच्या अखेरीस ते मांडले, आणि आजही ते जवळपास त्याच शब्दांत मांडले जाते. झेंडू पाहून एकाला जे जाणवते तेच दुसऱ्याला व्हायोलेटचे फूल पाहून जाणवत असेल, आणि दोघेही लहानपणी शिकलेली नावे अचूक वापरत असतील, तर हा फरक उघडकीस येणार कसा? एकाच्या मनातला अनुभव दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहता येत नाही. हा आक्षेप मी हलका मानत नाही. आपण मोजतो ते माणूस काय ओळखतो आणि काय ओळखू शकत नाही हे. त्याला आतून काय वाटते ते पट्टीवर येत नाही. मात्र लॉकचा हा दाखला देणारे पुढचे सांगत नाहीत. त्याचा स्वतःचा कल, निरनिराळ्या माणसांच्या मनातल्या या संवेदना बहुधा जवळजवळ सारख्याच असतात, असे मानण्याकडे होता. शिवाय अदलाबदल वाटते तितकी बेमालूम होऊच शकत नाही. झेंडूचा नारिंगी गडद करत नेला की तपकिरी होतो; जांभळा गडद केला तर जांभळाच राहतो. पिवळा त्याच्या पूर्ण तेजात असताना उजळ असतो, निळा त्याच्या पूर्ण तेजात असताना खोल आणि गडद. रंगांच्या या परस्परनात्यांत डावे-उजवे सारखे नाही. त्यामुळे ज्याच्या मनात झेंडू आणि व्हायोलेट यांची अदलाबदल झाली आहे, त्याला दोन-चार नेमके प्रश्न विचारताच तो अडखळेल. सर्व नाती जशीच्या तशी राखून होणारी एखादी अदलाबदल कल्पनेत शिल्लक राहील, हे मी मान्य करते. पण तेवढ्या शिल्लक कोपऱ्यासाठी बाकीचे सगळे घर अंधारात ठेवायचे का?

जॉन डाल्टनचे उदाहरण याच ठिकाणी उपयोगी पडते. अणुसिद्धांतासाठी आपण ज्याला ओळखतो तो हा डाल्टन वयाच्या सव्वीसाव्या वर्षापर्यंत असे समजत होता की, इतर लोक रंगांची नावे जरा ढिलेपणाने वापरतात. १७९२ साली एक गुलाबी जिरेनियमचे फूल त्याने मेणबत्तीच्या उजेडात पाहिले. दिवसा आकाशासारखे निळे दिसणारे ते फूल आता तांबडे दिसत होते. त्याने मित्रांना विचारले. हा पालट त्यांच्यापैकी कोणालाच दिसत नव्हता, फक्त त्याच्या सख्ख्या भावाला दिसत होता. १७९४ मध्ये त्याने मँचेस्टरच्या साहित्य आणि तत्त्वज्ञान मंडळात याबद्दल निबंध वाचला. लाखेचा लाल आणि लॉरेलच्या पानाचा हिरवा आपल्याला जवळपास सारखे वाटतात, असे त्याने त्यात नोंदवले. आपल्या डोळ्यातला द्रव निळसर असावा आणि तो लाल किरण शोषून घेत असावा, असा त्याचा तर्क होता, आणि मृत्यूनंतर डोळे तपासावेत असे त्याने सांगून ठेवले होते. १८४४ मध्ये तो वारला, डॉक्टरांनी डोळा उघडून पाहिला, द्रव स्वच्छ होता. तर्क चुकला होता, पण निरीक्षण चुकले नव्हते. जपून ठेवलेल्या त्या डोळ्याच्या अवशेषांतून १९९५ मध्ये जनुकीय तपासणी झाली आणि मध्यम लांबीच्या प्रकाशलहरी टिपणारे रंगद्रव्य डाल्टनकडे नव्हते, असे दिसून आले. एका माणसाने स्वतःच्या मनाबाहेर पाऊल न टाकता, केवळ नीट प्रश्न विचारून आणि उत्तरांची तुलना करून, आपला रंगानुभव इतरांपेक्षा वेगळा आहे हे ओळखले; त्याचे कारण दोनशे वर्षांनी पेशीत सापडले. ‘हे कोणालाच कळणे शक्य नाही’ असे म्हणणाऱ्यांनी या दोनशे वर्षांचे काय करायचे ते सांगावे.

दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहता येत नाही, हेही पूर्ण खरे नाही. माझ्या आईच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, डाव्याचे महिनाभराने व्हायचे होते. पट्टी काढल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ती गॅलरीत उभी राहून तारेवरचा पांढरा पंचा पाहत होती. आधी एक डोळा हाताने झाकला, मग दुसरा, पुन्हा पहिला. “या डोळ्याने धुतलेला आणि त्या डोळ्याने न धुतलेला,” ती म्हणाली. मग बराच वेळ गप्प राहून म्हणाली, “इतकी वर्षे मी मळकट बघत होते आणि मला ते पांढरेच वाटत होते.” वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळट होत जाते आणि निळ्या बाजूचा प्रकाश अडवते, बदल इतका हळू होतो की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो आणि ‘पांढरा’ हा शब्द आपल्या जागी कायम राहतो. चित्रकार क्लोद मोने याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन १९२३ मध्ये झाले, तेव्हा त्यालाही या अनुभवाने फार अस्वस्थ केले होते. म्हणजे एकच मन, एकच शब्द, एकच पंचा, आणि तरी दोन वेगळे रंग. याहून नेमके उदाहरण वैद्यकीय नोंदींत आहे. अतिशय विरळ अशी काही माणसे आढळली आहेत, ज्यांचा एक डोळा सामान्य आणि दुसरा रंगांध असतो. अशी माणसे दोन्ही डोळ्यांना दिसणारे रंग शेजारी ठेवून जुळवू शकतात, आणि लाल-हिरव्यातला भेद न कळणाऱ्या डोळ्याला काय दिसत असावे याचा अंदाज आपल्याला त्यांच्याकडूनच आला आहे.

आता दुसरा पक्ष. त्यांचे म्हणणे रोजच्या अनुभवावर उभे आहे, म्हणून अधिक पटणारे आहे. भाजीवाला आणि गिऱ्हाईक यांचे हिरव्या-पिकल्यावरून भांडण होत नाही. सिग्नलला सगळे थांबतात. ‘निळेशार’, ‘पिवळाधमक’ हे शब्द उच्चारताच ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर योग्य ते उभे राहते. विज्ञानही काही अंशी त्यांच्या बाजूचे आहे. दृष्टिपटलावर लांब आणि मध्यम प्रकाशलहरी टिपणाऱ्या ज्या दोन प्रकारच्या शंकुपेशी, म्हणजे रंग ओळखणाऱ्या पेशी, असतात, त्यांचे प्रमाण माणसागणिक फार बदलते. काहींमध्ये दोन्ही जवळपास सारख्या, तर काहींमध्ये एका प्रकारच्या दुसरीच्या कितीतरी पट. एवढा फरक असूनही ‘ना हिरवट ना लालसर, शुद्ध पिवळा’ कुठला, असे विचारले तर बहुतेक लोक एकमेकांच्या अगदी जवळची छटा दाखवतात. मेंदू भोवतालच्या जगावरून स्वतःची पट्टी लावून घेतो. हे आश्चर्यकारक आहे आणि ते मान्य केलेच पाहिजे.

परंतु नावावर एकमत म्हणजे दिसण्यावर एकमत नव्हे. शुद्ध हिरवा कुठला, असे त्याच लोकांना विचारले की उत्तरे दूरदूर पांगतात. एकाला जो निव्वळ हिरवा वाटतो त्यात दुसऱ्याला निळ्याची झाक दिसते. १८८१ मध्ये लॉर्ड रॅले या भौतिकशास्त्रज्ञाने एक साधे यंत्र केले, ज्यात लाल आणि हिरवा प्रकाश मिसळून समोरच्या पिवळ्याशी जुळवायचा असे. बहुतेकांचे मिश्रण थोड्याफार फरकाने सारखे येई, पण त्याच्या तिघा मेहुण्यांचे मात्र येईना. त्यांना लाल फारच कमी लागे. त्यांनी जुळवलेला पिवळा रॅलेला हिरवा दिसे, आणि रॅलेने जुळवलेला पिवळा त्यांना लाल. या मेहुण्यांपैकी आर्थर बाल्फोर पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले. त्यांना कोणी कधी रंगांध म्हटले नव्हते आणि नेहमीच्या अर्थाने ते रंगांध नव्हतेही. त्यांची तीनही रंगद्रव्ये जागेवर होती, फक्त एक जरा सरकलेले होते. पुढे जनुके वाचता येऊ लागल्यावर असे दिसले की ‘सामान्य’ म्हणवणाऱ्या पुरुषांतही लाल बाजूच्या रंगद्रव्याचे दोन प्रकार सर्रास आढळतात. प्रथिनाच्या साखळीत १८० व्या जागी एक अमिनो आम्ल की दुसरे, एवढ्यावरून त्याची संवेदनक्षमता काही नॅनोमीटरने सरकते. तेव्हा ‘डोळे सर्वांचे सारखे’ हे विधान रंगांधांना वगळूनही खरे ठरत नाही.

२०१५ च्या फेब्रुवारीत एका झग्याच्या छायाचित्राने जगाला दोन तटांत विभागले होते, ते अनेकांना आठवत असेल. कोणाला तो निळा-काळा दिसे, कोणाला पांढरा-सोनेरी, आणि एकाच सोफ्यावर बसलेले नवरा-बायको एकमेकांकडे अविश्वासाने पाहत. फोटोत उजेड कोणत्या प्रकारचा आहे याबद्दल मेंदू नकळत जे गृहीत धरतो, त्यावर उत्तर अवलंबून होते. सावलीचा निळसर उजेड धरला तर झगा पांढरा, पिवळा उजेड धरला तर निळा. या प्रसंगातून लोकांनी काढलेला निष्कर्ष मला आजही खटकतो: ‘प्रत्येकाचे सत्य वेगळे.’ झगा प्रत्यक्षात निळा आणि काळाच होता. दिसणे दोन प्रकारचे होते, त्यामागचे कारण शोधता येत होते आणि कापडही तपासता येत होते. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे आपल्या वादांत का बसत नाही?

भाषेचा मुद्दा मात्र इतक्या थोडक्यात सोडता येणार नाही, कारण त्यावर सर्वाधिक भोंगळ लिहिले जाते. ‘प्राचीन लोकांना निळा रंग दिसतच नव्हता’ असा संदेश मला दर वर्षी एकदा तरी येतो. त्याचे मूळ विल्यम ग्लॅडस्टन यांच्या १८५८ च्या होमरविषयक अभ्यासात आहे. पुढे चार वेळा ब्रिटनचे पंतप्रधान झालेल्या या गृहस्थांना होमरच्या काव्यात समुद्र मद्याच्या रंगाचा आढळला, निळ्याला स्वतंत्र शब्द आढळला नाही, आणि त्यावरून ग्रीकांची रंगदृष्टी अजून पुरती विकसित झाली नसावी असा तर्क त्यांनी केला. ह्यूगो माग्नुस या जर्मन नेत्रवैद्याने तो उचलून धरला, पण जगभरातून माहिती मागवल्यावर त्यालाच कबूल करावे लागले की, शब्द कमी असलेल्या लोकांनाही छटांमधला भेद दिसतो. यासाठी इतके दूर जाण्याचेही कारण नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत पाचव्या शतकात लाजवर्द या दगडाचा निळा रंग वापरला गेला, आणि तो दगड अफगाणिस्तानातून आणावा लागे. जो रंग दिसतच नाही, तो आणायला डोंगर-वाळवंटे कोण ओलांडील? आपल्याकडे विठ्ठलाला काळा, सावळा, घननीळ असे सगळे म्हटले जाते, मूर्ती काळ्या पाषाणाची असते आणि कॅलेंडरावरचा कृष्ण निळा असतो. एखाद्या दूरच्या अभ्यासकाने यावरून वारकऱ्यांना काळा आणि निळा वेगळे ओळखता येत नाहीत असे ठरवले, तर आपण ते ऐकून घेऊ का?

शब्दाचा काहीच परिणाम होत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. रशियन भाषेत फिकट निळा आणि गडद निळा यांना दोन स्वतंत्र मूळ शब्द आहेत. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, दोन छटा या सीमेच्या अलीकडे-पलीकडे असल्या तर रशियन भाषकांना त्यांतला भेद किंचित लवकर ओळखता आला, आणि इंग्रजी भाषकांत असा फरक दिसला नाही. मात्र मनातल्या मनात आकडे घोकायला लावून शब्दांची वाट अडवली की ही आघाडी नाहीशी झाली. म्हणजे शब्द हाताशी असला तर निवड वेगाने होते. शब्द नसला म्हणून डोळा आंधळा होत नाही. येवल्याच्या पैठणीवाल्याला अंजिरी, डाळिंबी, आमसुली, वांगी ही नावे जिभेवर असतात, आणि ज्या गिऱ्हाइकाला त्यांतले एकही ठाऊक नाही तीही दोन पदर शेजारी ठेवले की ‘हा नको, तो दाखवा’ असे म्हणतेच. उलट माझ्या त्या विद्यार्थ्याला ‘हिरवा’ आणि ‘तपकिरी’ हे दोन्ही शब्द चोख येत होते, पण त्या शब्दांनी त्याला तो भेद दाखवला नाही. भाषा रंग घडवते असे म्हणणाऱ्यांनी या मुलाचा विचार करावा.

आता एक आक्षेप, जो मी सर्वांत गंभीर मानते. रंगदृष्टीतला फरक खरा आहे आणि मोजता येतो, हे एकदा मान्य केले की माणसे वगळण्याचे हत्यार हाती येते. तसे झालेलेही आहे. १८७५ मध्ये स्वीडनमध्ये लागेरलुंडा येथे दोन गाड्यांची टक्कर झाली. फ्रित्योफ होल्मग्रेन या शास्त्रज्ञाने चालकाच्या रंगांधत्वाकडे बोट दाखवले आणि लोकरीच्या लडी जुळवण्याची चाचणी रेल्वेत सुरू करवली. त्या चालकाला खरोखर रंगांधत्व होते का, याबद्दल नंतरच्या अभ्यासकांनी शंका घेतली आहे. तरीही रात्री एकाच दिव्यावर शेकडो जीव सोपवायचे असतील तर अशी चाचणी हवीच, हे मी निःसंकोच मान्य करते. पण गाडी चालवणाऱ्यासाठी रास्त असलेली अट हळूहळू जिथे तिचा काही संबंध नाही तिथेही जाऊन बसते. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये २०१५ साली संकलनाच्या अभ्यासक्रमासाठी निवडला गेलेला एक विद्यार्थी केवळ रंगांधत्वामुळे नाकारला गेला. मुंबई उच्च न्यायालयात त्याला दिलासा मिळाला नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की रंगांध उमेदवारांना सर्वच अभ्यासक्रमांत प्रवेश द्यावा आणि रंगांशी थेट निगडित असलेला भाग आवश्यक तिथे बदलावा किंवा ऐच्छिक करावा. निर्णय योग्य होता, पण सात वर्षे उशिरा आला. २०२० पर्यंत तर सौम्य किंवा मध्यम रंगांधत्व असलेल्या माणसाला वाहन चालवण्याच्या परवान्यासाठीही नियमांची अडचण होती.

या अन्यायाचे मूळ मोजण्यात आहे का? माझ्या मते ते अर्धवट मोजण्यात आहे. ‘रंगांध’ या एका शिक्क्याखाली, फक्त काही फिकट छटांमध्ये गोंधळणारा आणि लाल-हिरवा अजिबात न ओळखणारा हे दोघेही एकत्र केले जातात, आणि कामाला नेमका कोणता भेद लागतो हे कोणी विचारत नाही. नीट मोजले की उपाय बहुधा साधा निघतो. आपल्याकडे शाकाहारी पदार्थावर हिरवा ठिपका आणि मांसाहारी पदार्थावर तपकिरी ठिपका असे. हिरवा आणि तपकिरी हीच ती जोडी, जिच्यात माझा विद्यार्थी फसत होता. जन्मभर मांसाहार न केलेल्या माणसाला वेष्टन हातात घेऊन शेजाऱ्याला विचारावे लागत असेल, याची कल्पना करून पाहा. २०२० च्या लेबल-नियमांत मांसाहारी चिन्हाचा गोल बदलून त्रिकोण केला गेला. एक आकार बदलला, आणि कोणाचे काहीही बिघडले नाही. याउलट मोबाइलच्या चार्जरवर आजही एकच दिवा आधी लाल आणि मग हिरवा होतो, आणि शाळेच्या नकाशांत शेजारशेजारचे प्रदेश केवळ रंगाने वेगळे दाखवलेले असतात.

माझी मागणी शाळेपुरती आहे, कारण मी तेच क्षेत्र ओळखते. शिनोबू इशिहारा या जपानी नेत्रवैद्याने १९१७ मध्ये ठिपक्यांतून आकडे ओळखण्याच्या पाट्या केल्या. त्यांची पुस्तिका आज कोणत्याही नेत्रवैद्याच्या टेबलावर असते आणि एका मुलाला ती दाखवायला पाच मिनिटेही लागत नाहीत. युरोपीय वंशाच्या पुरुषांत लाल-हिरव्या रंगांधत्वाचे प्रमाण सुमारे आठ टक्के आढळते, स्त्रियांत अर्धा टक्का; इतर वंशांत ते कमी-अधिक आहे, पण शून्य कुठेच नाही. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे ते आईच्या वाटेने मामाकडून भाच्याकडे आल्यासारखे दिसते, आणि मामालाही ते बहुधा ठाऊक नसते. प्रत्येक शाळेने पाचवीत ही तपासणी करावी, निकाल फक्त मुलाला आणि पालकांना सांगावा, शिक्षकांना तेवढीच सूचना द्यावी. चित्रकलेच्या शासकीय परीक्षांना बसणाऱ्या मुलांना रंगांवर नावे लिहून घेण्याची मुभा असावी. तो झाडाचे चित्र काढणारा मुलगा वर्गात होता त्या वर्षापासून मी माझ्या वर्गातल्या डब्यातल्या प्रत्येक खडूवर, कागद निघाला तरी वाचता यावे म्हणून, टाचणीने नाव कोरून घेत असे, आणि खडू झिजला की पुन्हा कोरावे लागे. रेल्वेची किंवा सैन्यदलाची लेखी परीक्षा वर्षानुवर्षे अभ्यास करून उत्तीर्ण झालेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला वैद्यकीय तपासणीच्या टेबलावर, समोरच्या ठिपक्यांत आकडा सापडत नाही तेव्हा, आयुष्यात पहिल्यांदा हे कळते. तेच त्याला दहाव्या वर्षी कळले असते, तर त्याने आपली वाट त्या बेताने आखली असती.